डावा गाल

धाकटीच्या नवऱ्याने भिंग पुन्हा कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर टेकवलं, तेव्हा तिने ताईची खुर्ची चौथ्यांदा सरकवली. ऊन खिडकीतून सरकत होतं आणि त्याच्यामागे खुर्ची. नवरा मात्र मेनूच्या दुसऱ्या पानावरून हलायला तयार नव्हता. धाकटी म्हणजे ताईची धाकटी बहीण; वयाच्या बहात्तराव्या वर्षीही तिचं तेच नाव राहिलं होतं.

पाच वाजता ताईला न्यायला गाडी येणार होती. ती मुलाकडे राहायला जाणार होती, तीही कायमची. म्हणून धाकटीला तिचा एक फोटो हवा होता, एकच, पण नीट. धाकटीच्या लेकीने पाठवलेला नवा कॅमेरा त्यासाठीच आज खोक्यातून निघाला होता, आणि दोन वाजल्यापासून त्याची तपासणी चालली होती.

चाळीस वर्षं स्टुडिओ चालवलेला माणूस. सगळं जुळल्याशिवाय बटण दाबायचं नाही, फिल्म फुकट घालवायची नाही, ही सवय हाडात मुरलेली. यात फिल्मच नाही, हवे तितके काढा, असं धाकटीने दोनदा सांगून पाहिलं. त्यावर त्याने माहितीपुस्तिकेचं एकसष्टावं पान उघडून तिच्यापुढे धरलं. मग रंग ठळक हवेत की नैसर्गिक, कोपऱ्यात तारीख उमटावी का, बटण दाबल्यावर आवाज व्हावा का आणि झाला तर कोणता, असं एकेक करून तो तिचं मत घेत राहिला आणि स्वतःच्याच मनासारखं करत राहिला.

"तुमचं होईपर्यंत हिचा मुलगाच इकडे राहायला येईल," धाकटी म्हणाली.

"घाईत उरकायला हा काय ओळखपत्राचा फोटो आहे?"

ताई हनुवटी वर करून बसली होती. ती हसलीसुद्धा नाही. आपण हललो तर पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल, अशी तिला भीती असावी.

पाचला दहा मिनिटं असताना एकदाचं बटण दाबलं गेलं. उत्तम म्हणजे जास्तीत जास्त, अशा समजुतीने त्याने जे जे वाढवता येईल ते सगळं शेवटच्या आकड्यापर्यंत नेलं होतं. मोठ्या ऐटीत त्याने कॅमेरा बायकोपुढे केला.

धाकटीने कपाळावरचा चष्मा खाली घेतला. फोटोतली बाई ताईसारखी होती, इतकंच. गाल मेणाचे. सुरकुत्या गेल्या होत्या आणि डाव्या गालावरचा भाजल्याचा डागही गेला होता. पाच वर्षांच्या धाकटीच्या हातून किटली कलंडली, तेव्हापासूनचा तो डाग.

"हिचा डाग कुठे गेला?"

नवरा भिंग घेऊन मेनूत शिरला. बऱ्याच वेळाने सापडलं. 'त्वचा मुलायम', सातपैकी सात.

"तुम्हाला कोणी सांगितलं होतं हे? दुपारभर खपून माझ्या बहिणीचा चेहरा पुसून टाकलात. आहे तसं माणूस नको दिसायला?"

"त्यांना कशाला बोलतेस?" ताई म्हणाली. तिने कॅमेरा मागून घेतला आणि हातभर लांब धरून फोटो पाहिला. "तुमच्या स्टुडिओत माझ्या बाळाला मांडीवर घेऊन काढलेल्या फोटोतही डाग नव्हताच की."

 स्टुडिओतलं रिटचिंग, म्हणजे निगेटिव्हवरच चेहरा सारखा करायचं काम, तेव्हा धाकटीच करायची. उतरत्या टेबलावर मागून उजेड सोडलेली निगेटिव्ह, सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. ताईचा डाग घालवायला त्या एका निगेटिव्हवर ती दोन दुपारी वाकून बसली होती.

"मला वाटलं, तुला बरं वाटेल," ती म्हणाली.

"मला वाटलं, तुला तो बघवत नाही. म्हणून मीही काही बोलले नाही."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. नवऱ्याने पुस्तिका मिटली. ताईच्या हातातला कॅमेरा घेऊन त्याने कोणाचंही मत न विचारता ते सेटिंग बंद केलं, आणि अजून एक काढू का, असं ताईला विचारलं.

"हिला काढू दे," ताई म्हणाली, आणि डावा गाल तिने उजेडाकडे वळवला.

धाकटीने कॅमेरा दोन्ही हातांत धरला. तिला स्क्रीनवर आधी काही नीट दिसेना. हॉर्न दुसऱ्यांदा वाजला, तरी ताईने मान हलवली नाही.