कंपनीच्या डब्यामागे आपला डबा

बाबा तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. त्यामुळे इंटरनेट कंपनीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

"अरे, कंपनी म्हणजे शेवटी माणसंच. आम्ही काय करायचो, मला विचार."

विचारायची गरज नव्हती. त्याचा चालताबोलता पुरावा मीच होतो. दर गुरुवारी दुपारी एक मुलगी ट्रंक कॉल लावून मोठ्या बहिणीशी भांडायची. बाबा लाइन जोडून द्यायचे आणि आपल्या हेडफोनची कळ बंद करायला न चुकता विसरायचे. एकदा कॉलची ठरलेली तीन मिनिटं संपली तरी त्यांनी लाइन तोडली नाही. पाचव्या मिनिटाला मुलगी म्हणाली, "अहो ऑपरेटर, एवढं ऐकलंत, तर सांगा, चूक कुणाची?"

"तुमच्या ताईंची," बाबा म्हणाले.

आई-बाबांच्या संसाराचा पाया हा असा पक्षपाती निकाल आहे. मावशीने तो अजून मान्य केलेला नाही.

आई जाऊन दोन वर्षं झाली. तिचे फोनवरचे आवाजी निरोप, एकूण सदतीस, मी एका हार्ड डिस्कवर उतरवले होते. डिस्क कंपनीच्या राउटरला जोडलेली; बाबा रोज दुपारी टॅबवर ऐकत. आईचा फोन केव्हाच बंद पडला होता, आणि दुसरी प्रत मी दर रविवारी पुढच्या रविवारी काढणार होतो.

परवा कंपनीच्या माणसाने आपल्या ऑफिसात बसूनच आमचा वायफायचा पासवर्ड बदलून दिला. मला कौतुक वाटलं. बाबांचा चेहरा उतरला.

"म्हणजे तो केव्हाही आत येऊ शकतो. त्यांच्या डब्यामागे आपला डबा बसव."

बसवला. टीव्ही, फोन, टॅब, सगळे नव्या राउटरवर घेतले. बाबांनी टॅब उघडला. यादी कोरी.

"पुसलंस?"

"नाही हो बाबा."

"सदतीस होते रे." ते खुर्चीत बसले, बसले म्हणजे खचलेच.

मी वायरी तपासायला लागलो. मग लक्षात आलं. अख्खं घर मी कुंपणाच्या आत घेतलं होतं, टीव्हीसुद्धा. डिस्क तेवढी कंपनीच्याच डब्याला लटकत होती.

"शाबास! घर आत घेतलं आणि घरधनीण बाहेर."

वायर काढून आपल्या डब्याला लावली. यादी भरली. बाबांनी पहिल्या निरोपावर बोट नेलं आणि थांबले.

"आता त्यांच्यापैकी कुणी ऐकणार नाही?"

"नाही."

"मग तू काय करतोयस इथे?"

मी बाहेर आलो. दार त्यांनी आतून लावून घेतलं.