राक्षस खाली वाकतो

भोंग्याने प्रोजेक्टरची वायर भिंतीतून उपटली, मनगटाला गुंडाळली आणि ती टेबलावर चढून बसली. पडद्यावर उतरत असलेली उडती तबकडी अधांतरीच विझली.

शाळेच्या चित्रपट मंडळाच्या सेक्रेटरीने चष्मा काढून शर्टाला पुसला. तो अकरावीत होता, ती नववीत. नववीतल्या मुलीवर ओरडणं त्याच्या पदाला शोभलं नसतं. शिवाय भोंग्यावर ओरडून उपयोग नसतो हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. भोंगा हे नाव तिला आवाजावरून पडलं होतं. गेल्या वर्षापर्यंत ते ऐकलं की तिचा चेहरा पडायचा. यंदा तिने तेच नाव वहीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहून टाकलं होतं, म्हणजे चिडवणाऱ्यांना काही कामच उरलं नाही.

चित्रपट मंडळ दरवर्षी परीक्षेआधी शाळेला एक भिकार सिनेमा दाखवत असे, पोरांनी मनसोक्त हसावं म्हणून. यंदा सेक्रेटरीने ‘तिसऱ्या चंद्राचा वेढा’ शोधून काढला होता. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा हा सिनेमा कोणाला आठवत नव्हता, आणि त्याला कारणंही भरपूर होती. त्यातली तबकडी म्हणजे तोंडाला तोंड लावून चिकटवलेली दोन ताटं. यानाचं यंत्रघर अंड्यांच्या ट्रेंना चंदेरी रंग फासून केलेलं. शास्त्रज्ञाची दाढी दर प्रसंगात थोडी सरकायची. आणि राक्षस फोम आणि रेक्झिनचा, पाठीवर हातभर चेन. हा राक्षस पुठ्ठ्याचं शहर तुडवत येतो आणि ऐन विध्वंसात मध्येच थांबतो. खाली वाकतो. पंजाने जमिनीवरचं काहीतरी उचलू बघतो, दोनदा फसतो, तिसऱ्यांदा जमतं, आणि मग जणू काही झालंच नाही अशा थाटात पुढची इमारत पाडतो.

सेक्रेटरीने अशा चुकांचे बावीस तुकडे कापून एकापुढे एक जोडले होते. वाकणारा राक्षस त्याने शेवटाला राखून ठेवला होता.

“तुकडे नाहीत,” भोंगा म्हणाली. “अख्खा लावायचा.”

“अख्खा लावला तर दहा मिनिटांत हॉल रिकामा होईल. दोरी दिसते गं त्या तबकडीची.”

“दोरी दिसते म्हणून ती उडायची राहते का?”

कोपऱ्यात वह्या तपासणाऱ्या चित्रकलेच्या बाईंचं पेन थांबलं, पण त्यांनी मान वर केली नाही.

मग बरीच घासाघीस झाली. सेक्रेटरीचं म्हणणं, हे सगळं तिच्या आत्याच्या प्रेमापोटी चाललंय. भोंग्याने ते नाकारलं नाही. आत्या कपडे शिवायची, या शाळेचे निम्मे गणवेश तिच्याच मशीनवरून येत, आणि ऐन तारुण्यात तिने या सिनेमाचे कपडे शिवले होते, राक्षससुद्धा. श्रेयनामावलीत तिचं नाव जेमतेम दोन सेकंद टिकायचं. पण त्या दोन सेकंदांसाठी म्हणून बघायला बसलेली भोंगा पुढे सतरा वेळा तो सिनेमा बघून बसली होती, ते काही आत्यासाठी नव्हे, असं तिने छातीठोकपणे सांगितलं.

शेवटी अट ठरली. सिनेमा अख्खा लागेल, पण एकदा सुरू झाला की एका क्षणासाठीही थांबणार नाही. आणि जो कोणी थांबवायला सांगेल तो हरला. सेक्रेटरी हरला तर पुढच्या वर्षीचं मंडळ भोंग्याच्या हातात. भोंगा हरली तर तिने मंडळाचं नाव काढायचं नाही. मंडळ हातात यावं म्हणून भोंगा सहावीपासून बाकं लावत आली होती. तिने वायर सोडवून त्याच्या हातात दिली.

आत्याला बोलावणं हे त्याहून अवघड काम होतं. त्या सिनेमाचा विषय निघाला की आत्या दातात दोरा धरायची, म्हणजे बोलायला नको. कधी बोललीच तर एवढंच, की पोटासाठी शिवलं, झालं. पहिल्या खेळाला ती गेली होती आणि मध्येच उठून आली होती, हे भोंग्याला बाबांकडून कळलं होतं. का उठली ते बाबांनाही माहीत नव्हतं. भोंग्याने चार दिवस दुकानात मुक्काम ठोकला, काज करता करता आत्याचे कान किटवले. पाचव्या दिवशी आत्या म्हणाली की शनिवारी दुपारी शाळेत मापं घ्यायला यायचंच आहे, तेव्हा डोकावेन. माप घ्यायचं कोणाचंच नव्हतं.

शनिवारी हॉल खच्चून भरला. भोंगा माईकपाशी गेली. तिला माईकची गरज नाही असं मागून कोणीतरी म्हणालं, तेव्हा तिने तो खरंच बाजूला ठेवला.

“भारी सिनेमात सगळं त्यांनीच करून ठेवलेलं असतं,” ती म्हणाली. “आपण नुसतं आ वासून बसायचं. इथे तसं नाही. अर्धी तबकडी त्यांनी उडवली आहे, उरलेली अर्धी आपण उडवायची. ज्यांना तेवढं जमत नाही त्यांनी खुशाल घरी जावं.”

नाकावर टिच्चून असं सांगितल्यावर कोण उठणार? ती मागच्या रांगेत आत्याशेजारी येऊन बसली. आत्याने पर्स मांडीवर उभी धरली होती, बसची वाट बघत असल्यासारखी.

पहिली वीस मिनिटं नुसता हलकल्लोळ. ताटं दिसली, अंड्यांचे ट्रे दिसले, दाढी सरकली तेव्हा सातवीच्या पोरांनी बाकं बडवली. मग कधीतरी, कोणाच्या लक्षात न येता, ओरडण्याचा सूर बदलला. शास्त्रज्ञाच्या मागचं दार उघडू लागलं तर दोन-तीन जण त्याला मागे बघ म्हणून सांगू लागले. तबकडी गच्चीवरून जाताना दोरी हेलकावली आणि अख्खी रांग तिच्यासोबत डावीकडे कलली. कोणी उठलं नव्हतं. भोंग्याने प्रोजेक्टरपाशी उभ्या सेक्रेटरीकडे पाहून भुवई उडवली. त्याने घड्याळ बघितल्यासारखं केलं.

राक्षस आला. एक इमारत पडली, दुसरी पडली. मग तो थांबला आणि खाली वाकला.

हॉल फुटला. तसं हसू भोंग्याने आयुष्यात ऐकलं नव्हतं. राक्षसाचा पंजा दुसऱ्यांदा फसला तेव्हा पुढच्या रांगेतला एक जण बाकावरून खाली घसरला. भोंगासुद्धा हसत होती. सतरा वेळा ती इथे हसलीच होती. हसता हसता ती आत्याकडे वळली. आत्याने पर्स काखेत मारली होती आणि ती उठायच्या बेतात होती.

“आत्या, थांब ना. थोडंच राहिलंय.”

“टाचणी पडली होती,” आत्या म्हणाली. ती पडद्याकडे बघत नव्हती.

“काय?”

“पायाची शिवण उसवली, म्हणून लावलेली. ती निसटली. लगेच पुढे पोरं पळणार होती तिथून. अनवाणी सगळी.”

तिच्या उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठा एकमेकांवर टेकले होते. भोंग्याने त्या बोटांकडे पाहिलं, मग पडद्यावरच्या पंजाकडे.

“आत तू होतीस?”

“ज्याला घालायचा होता तो गुदमरून पडला. माप मलाच बसलं.” आत्या उभी राहिली. “तेव्हा थिएटरही असंच हसलं होतं. बस तू, मी निघते.”

“थांबव,” भोंगा म्हणाली.

भोंग्याचं ‘थांबव’ शेवटच्या भिंतीपर्यंत गेलं आणि परत आलं. हसणं विरलं. सेक्रेटरी तिच्याकडे बघत राहिला. अट त्याला आठवत होती आणि तिलाही आठवते आहे ना, याची तो खात्री करून घेत होता.

“हरले मी,” भोंगा म्हणाली. “मंडळ तुझं. आता मागे घे. राक्षस वाकतो तिथपासून लाव.”

का, असं कोणीतरी विचारलं. भोंग्याने सांगितलं की टाचणी पडली होती, आणि राक्षसाच्या आत जो माणूस होता त्याला ती दिसली. कोण माणूस ते ती बोलली नाही. पुढचं नीट बघा, एवढंच म्हणाली.

चित्र मागे गेलं. पडलेल्या इमारती उभ्या राहिल्या आणि पुन्हा पडल्या. राक्षस थांबला, वाकला. पंजा फसला तेव्हा थोडं हसू आलं, पण ते मध्येच अडखळलं. मग पंजाची चिमूट वर आली. राक्षस दूर झाला आणि चौकटीच्या डाव्या बाजूने पोरं पळत आली, दहा-बारा, आरडाओरडा करत, धुळीत पाय आपटत. जिथे तो वाकला होता बरोबर त्याच जागेवरून ती गेली. सगळ्यात मागची तर इवलीशी होती आणि घाबरण्याऐवजी हसत होती.

आत्या दोन रांगांच्या मधल्या वाटेत उभी होती. पहिल्या खेळाला ती इथवर थांबलीच नव्हती.

“कोणाला लागलं नाही,” ती हलकेच म्हणाली.

सिनेमा पुढे चालू लागला होता. तेवढ्यात चित्र पुन्हा थबकलं. भोंग्याने मान वळवली. कोणी काही सांगितलेलं नसताना सेक्रेटरी ते परत मागे घेत होता.