आवाज आधी पोचतो

"वास घे," डोव्ही म्हणाली आणि बाण तिने अर्व्हिलच्या नाकाखाली धरला.

अर्व्हिलने मान फिरवली. "कळलं."

"नुसतं कळून काय उपयोग? घे."

त्याने घेतला. बाणाला पिसांपर्यंत हिरवट चिकटा लागला होता आणि त्यात ओकच्या चावलेल्या फळांचा चुरा होता. रक्त असं नव्हतंच. छातीतून गेलेला बाण गुलाबी फेस घेऊन बाहेर पडतो. हा आंबूस घाणीने माखला होता.

"पोटात लागलाय," डोव्ही म्हणाली. "काल कधी मारलंस?"

"सूर्य डोंगराआड जाताना."

"आणि मग?"

अर्व्हिलने जावयाकडे बघितलं. कोल्बी ओंडक्यावर बसून क्रॉसबोची, त्या आडव्या धनुष्याची, दुर्बीण शर्टाच्या टोकाने पुसत होता.

"वीस मिनिटं थांबलो की, मिस डोव्ही," तो म्हणाला. "सेकंदाला चारशे वीस फूट जातो याचा बाण. एवढा जोराचा लागल्यावर हरीण उभं राहतं कुठे? म्हटलं, पडलं असेल इथंच. बॅटरी घेऊन गेलो."

"आणि उठवलंस त्याला."

"उठलं खरं."

"अरे, पोटात लागलेलं हरीण शे-दोनशे पावलांवर जाऊन बसतं. बारा तास त्याच्या वाटेला गेलं नाही तर तिथंच मान टाकतं. तुला वीस मिनिटं दम निघेना. आता ते आतडी सावरत रात्रभर डोंगर चढलंय."

कोल्बीने दुर्बिणीवर फुंकर मारली.

डोव्ही कॉडिल अठ्ठावन्न वर्षांची. खोऱ्यातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिची एकतीस वर्षं गेली. सुट्टीच्या दिवशी तिचा फोन वाजायचा, कारण जखमी होऊन निसटलेलं जनावर शोधून देणारी कुत्री आसपासच्या तीन खोऱ्यांत तिच्याचकडे होती. ही रूथ, आखूड पायांची, पोट जमिनीला घासणारी. तू जाशील तिथे मी येईन म्हणणाऱ्या बायबलातल्या रूथचं नाव तिला ठेवलेलं. डोव्ही कुणाला नाही म्हणत नसे. मारणाऱ्याला ती तीन प्रश्न विचारायची: कुठून मारलंस, बाण लागल्याचा आवाज कसा आला, रक्ताचा रंग कसा. हा उपद्व्याप ती का करते, हे तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनेही सांगितलं नव्हतं.

अर्व्हिल स्टँपरची गोष्ट वेगळी. त्याने चाळीस वर्षं कोळशाच्या खाणीत छप्पर कोसळू नये म्हणून त्याला बोल्ट मारले आणि तीस वर्षं दर रविवारी देवळात प्रवचन गायलं. हो, गायलंच. आधी साधं बोलायचा, मग श्वास चढायचा, दर वाक्याच्या शेवटाला सूर धरायचा, आणि तो सूर असा वर न्यायचा की मागच्या बाकावरचे आडदांड गडी उठून एकमेकांचे हात धरून रडायचे. आता छातीत कोळशाची धूळ बसली होती. गेल्या वर्षापासून तो खुर्चीत बसून गायचा, तेही पंधरा मिनिटं. त्याच वर्षी त्याला त्याचं जुनं धनुष्य ओढवेना झालं. जड, सावकाश बाण मारणारं ते धनुष्य घेऊन त्याने आयुष्यात वीस पावलांपलीकडे नेम धरला नव्हता. तेव्हा कोल्बीने हे आणून दिलं होतं, बंदुकीसारखा दस्ता असलेलं, आडवं.

"डोव्ही," अर्व्हिल हळूच म्हणाला, "आज सापडलं नाही तर उद्या मी देवळात उभा राहणार नाही."

"नाहीतरी तू बसतोसच."

"थट्टा नको गं. कुठंतरी ते तळमळत पडलंय, आणि मी काय दयेचं गाऊ?"

डोव्हीने रूथचा दोर सैल सोडला. "चल, रूथबाई."

ऑक्टोबरचा शेवट होता. मेपलच्या पानांवर निसर्गानेच लाल ठिपके टाकलेले. कोल्बी दर दहा पावलांवर "हे बघा रक्त!" म्हणायचा, डोव्ही बोटाला थुंकी लावून ठिपका घासायची, तो पानाचाच निघायचा. रूथ मात्र कुठेच चुकत नव्हती.

"किती पावलांवरून मारलंस?" चढावर डोव्हीने विचारलं.

"साठ," अर्व्हिल म्हणाला.

"साठ!"

"दुर्बिणीत जवळ दिसत होतं."

"दुकानात तर सत्तरपर्यंत बिनधास्त मारा म्हणतात," कोल्बी म्हणाला. "तिथल्या पोराने माझ्यासमोर मारून दाखवलं. पाचच्या पाच बाण एका बशीत."

"कशावर मारून दाखवलं?"

"गवताच्या गठ्ठ्यावर."

"गठ्ठ्याला कान असतात का रे?" डोव्ही थांबली. अर्व्हिलला धाप लागली होती, म्हणून थांबली, पण तसं दाखवलं नाही. "तुझा बाण जातो चारशे वीस फूट. आवाज जातो अकराशे. दोरी सुटली की खटका आधी त्याच्या कानात. ते उडी मारायला खाली दबतं, वळतं. बाण जाऊन पोचतो तेव्हा छातीच्या जागी पोट आलेलं असतं. तू कितीही वेगाचं आण, आवाज आधी पोचतो."

"मग करायचं काय?"

"जवळ जायचं. नाहीतर घरी जायचं."

हरणाची बसायची पहिली जागा ओढ्याकाठी सापडली. पानं दबली होती आणि मधोमध काळपट, शेणासारखं रक्त साकळलं होतं. दुसरी वर कड्याखाली. तिथे काटेरी वेलीला वीतभर आतडं अडकून वाळलं होतं आणि त्यावर माश्या होत्या. तिसऱ्या जागेपाशी माती उकरल्यासारखी झाली होती आणि सगळीकडे केसांचे पुंजके. रूथने कान पाडले.

"कोल्हे," डोव्ही म्हणाली. "रात्री कोल्ह्यांनी गाठलं त्याला."

"मेलं असेल मग," कोल्बी म्हणाला.

"तुझ्या तोंडात साखर पडो."

पण रूथ थरथरत झुडपांच्या जाळीकडे तोंड करून उभी होती. ती भुंकत नव्हती. मेलेल्या जनावराकडे ती शेपूट हलवत जायची.

हरीण जाळीच्या आत होतं. आठ टोकांच्या शिंगांचा मोठा नर. पुढचे पाय ताठ, मान वर. मागचं धड जमिनीला टेकलेलं, कारण एका मांडीवर मांस उरलंच नव्हतं. पांढरं हाड दिसत होतं. ते जिवंत असताना रात्रभर त्याला कुणी खात होतं, आणि ते शिंगांनी हाकलत होतं, कारण शिंगाच्या टोकांवरही रक्त आणि करडे केस होते. पोटाच्या भोकातून प्रत्येक श्वासाबरोबर बुडबुडा यायचा.

"देवा रे," अर्व्हिल म्हणाला.

"पंधरा पावलं आहेत," डोव्ही कुजबुजली. "सावकाश. मानेच्या मुळाशी धर, आणि—"

"पपा, द्या इकडे!" कोल्बीने क्रॉसबो सासऱ्याच्या हातातून ओढून घेतलं. दोरी चढवलेली होती, बाण लावलेला होता. त्याने दस्ता खांद्याला लावला, डाव्या हाताने खालून पकडलं, आणि घाईत त्याचा अंगठा वरच्या पट्टीवर, दोरीच्या वाटेत आला.

खटका वाजला. बाण झुडपाच्या खोडात जाऊन रुतला. मग कोल्बी ओरडला. डोव्हीने बघितलं तर त्याच्या अंगठ्याचं वरचं पेर जागेवर नव्हतं आणि रक्त मनगटापर्यंत पिचकारत होतं.

तो च्यायला म्हणाला, आणखीही काही म्हणाला. मग सासऱ्याकडे बघून दातांतून म्हणाला, "माफ करा पपा, तोंडातून गेलं."

"जाऊ दे रे, जाऊ दे," अर्व्हिल म्हणाला.

डोव्हीने रूमालाने अंगठा मुळाशी आवळला. मग गुडघ्यांवर बसून पानांत चाचपलं. लाल पानांत लाल तुकडा लवकर सापडेना. रूथने तो आधी हुंगला, आणि डोव्हीने तिला मागे सारून तो उचलला. हरीण सोलायला ती शाळेतले प्लॅस्टिकचे हातमोजे आणायची. त्यातल्या एकात तुकडा घातला, गाठ मारली आणि कोल्बीच्या खिशात ठेवला.

"हात डोक्यावर धर. खाली रस्त्यावर जा. बायकोला फोन कर, नीट दवाखान्यात. आणि धावू नकोस. एकदा तरी धावू नकोस, बाबा."

कोल्बी गेला. झुडपं मोडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

हरीण त्यांच्याकडे बघत होतं.

अर्व्हिलने क्रॉसबो उचललं, दस्त्याला कळ बसवली आणि फिरवायला लागला. बाण जितका वेगाचा, तितकी दोरी कडक. हाताने ती दोन पैलवानांना ओढवली नसती. कळ फिरवायची, दात्यादात्याने ती मागे येणार. टक, टक, टक. दर टक आवाजाला हरणाचे कान फिरत आणि ते पुढच्या पायांवर उठू बघे, आणि उघडं हाड मातीत घासलं जाई. अर्व्हिल सात-आठ फेऱ्यांनंतर थांबला, खोकला, काळं थुंकला, परत फिरवू लागला. दोरी चढायला चार मिनिटं लागली. बाण लावून त्याने नेम धरला, तर टोक पाण्यातल्या काडीसारखं हलत होतं.

"डोव्ही, नाही जमत. आणखी एक जखम करीन मी त्याला."

"खाली ठेव." तिने सुरी काढली होती. "गा."

"काय?"

"गा म्हणते. त्याचं लक्ष तुझ्याकडे राहू दे."

अर्व्हिल मातीत बसला आणि गायला लागला. शब्द असे नव्हतेच. देवळात पहिल्या वाक्याच्या आधी तो जो सूर घोळवायचा, तेवढाच, फाटका. हरणाचे दोन्ही कान पुढे आले आणि तिथेच थांबले. डोव्ही वळसा घालून मागून कोपरांवर सरपटत गेली. दोन हातांच्या अंतरावर पोचल्यावर तिने अंग टाकलं, शिंग पकडून मान आपल्या गुडघ्याखाली दाबली आणि सुरी पुढच्या पायामागे, बरगड्यांमधून मुठीपर्यंत घातली. हरणाने पुढचा खूर झाडला. तिच्या नडगीची कातडी सोलून निघाली. तिने सुरी आत वळवली. कोपरापर्यंत गरम रक्त आलं. हरीण वेडंवाकडं किंचाळलं, एकदाच, लहान पोरासारखं. डोव्हीने शिंग सोडलं नाही. डोळ्यांवरची चमक जाईपर्यंत ती तशीच त्याच्यावर पडून होती.

अर्व्हिल गातच होता.

"झालं," ती म्हणाली. "बस कर."

ओढ्यावर भरून घेतलेली पाण्याची बाटली त्याला देऊन ती शेजारी टेकली. नडगीवरून रक्त बुटात उतरत होतं.

"होबर्टसाठीही असंच गायलास ना?"

अर्व्हिलचा हात बाटलीवर थांबला. होबर्ट म्हणजे तिचा नवरा. खाणीत एकोणीस वर्षांपूर्वी छप्पर खाली आलं तेव्हा दगडाच्या आत होबर्ट होता आणि बाहेर अर्व्हिल. मातीच्या दिवशी अर्व्हिलने गाऊन सांगितलं होतं की देवाने होबर्टला क्षणात उचललं, त्याला कळलंही नाही. सगळं देऊळ रडलं होतं.

"कुणी सांगितलं तुला?"

"डब्याने." डोव्ही रूथच्या कानातला काटा काढत म्हणाली. "सकाळी पावणेनऊला छप्पर आलं म्हणालास. पावणेनऊला कोण जेवतं? डबा घरी आला तर त्यात पाव संपलेले, पाणी संपलेलं. केकचा तुकडा तेवढा ठेवलेला. पोरीसाठी रोज ठेवून आणायचा तसाच. शाळेत माझा जन्म गेला उष्टी ताटं बघण्यात, अर्व्हिल. कोण घाईत खाऊन उठलं आणि कोण वेळ घेऊन जेवलं, मला कळतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतकं जीव लावून खोटं बोलला होतास. ते मोडवेना."

अर्व्हिलने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"सात तास," तो म्हणाला. "दगड हलत नव्हता. हात पोचत नव्हता. आवाज पोचत होता. तो म्हणाला, ओळी दे. देवळात मी गाण्याची ओळ देतो आणि माणसं ती मागून उचलतात, तशी मी एकेक ओळ द्यायचो, तो पलीकडून उचलायचा. मधे म्हणाला, थांब, जेवून घेतो. जेवला. परत म्हणाला, दे. मग दुपारी... दिली मी ओळ." त्याने श्वास घेतला, तो अर्धाच आला. "ती परत आली नाही. मी तीच देत राहिलो."

वर कावळे जमले होते. डोव्हीने हरणाकडे बघितलं, मग त्या ताणून ठेवलेल्या क्रॉसबोकडे.

"ते तसं चढवलेलं खाली न्यायचं नाही. मातीत सोड."

अर्व्हिलने टोक जमिनीकडे केलं आणि खटका दाबला. बाण पिसांसकट मातीत गेला. खटक्याचा आवाज समोरच्या डोंगरावर जाऊन परत आला.

"कुठली ओळ होती?" डोव्हीने विचारलं.

त्याने ती म्हटली, अर्ध्यात खोकला आला म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हटली. डोव्हीचा गळा भांड्यांच्या आवाजावर ओरडून ओरडून जाड झालेला. त्या गळ्याने, सूर जिथे लागेल तिथे लावून, तिने ती उचलली आणि शेवटपर्यंत नेली.

मग ती उठली, बुटातलं रक्त ओतून टाकलं आणि हरणाचं एक शिंग धरलं. दुसरं अर्व्हिलने धरलं. दहा पावलं ओढायचं आणि तो थांबला की तिनेही थांबायचं, असं करत दोघं उतरणीला लागली. रूथ मागून येत होती, नाक जमिनीला लावून.