एका हाताने न मोडणारी भाकर

ज्या घरात वर्षभरात मरण झालं, त्या घराने पेसहाच्या गुरुवारी, येशूच्या शेवटच्या भोजनाच्या दिवशी, बिनखमिराची भाकर करायची नसते. शेजाऱ्यांनी आणून द्यायची. दिवेलागण झाली तरी इट्टीच्या फाटकाशी कुणी फिरकलं नव्हतं.

"ज्याला त्याला वाटलं असेल, दुसऱ्याने दिली," त्याची अम्मा अच्चाम्मा म्हणाली.

"भ्यालेत सगळे."

इट्टीच्या मांडीवर कोयता होता. दोन महिने तो त्याला धार लावत होता. कुंपणावरच्या फणसापायी शेजारच्या वर्कीने त्याच्या धाकट्या भावाला, कोराला, मानेपासून छातीपर्यंत उभा चिरला होता. वर्की तुरुंगात. पण वर्कीचा म्हातारा बाप पोत्तन कुंपणापलीकडे खोकत असायचा. 'हा इकडे पाऊल टाकू दे,' इट्टीने कबरीवर हात ठेवून शपथ घेतली होती.

फाटक करकरलं. पोत्तनच. एका हातात पानाने झाकलेली टोपली, दुसऱ्यात भाकर बुडवायला गूळ घातलेल्या नारळाच्या दुधाचं भांडं.

"म्हाताऱ्या, वाट चुकलास की जिवाला कंटाळलास?"

"घरोघर विचारलं रे पोरा. कुणीच दिली नाही म्हणाले. तुझी अम्मा आजच्या दिवशी भाकरीवाचून..."

"लेकाने रक्त सांडायचं, बापाने दूध आणायचं! वा रे घराणं!"

कोयता उतरला. म्हाताऱ्याने टोपली छातीशी आवळली, मागे सरला नाही. मनगटाखाली पातं हाडाला खटकन लागलं. भांडं उडालं. दूध पांढरं, दूध तांबडं, ओसरीभर पसरलं. पान सरकलं, भाकरीवरच्या झावळीच्या क्रूसावर रक्ताची चिळकांडी उडाली. इट्टीने दुसरा घाव मानेवर तोलला.

अच्चाम्मा आडवी आली नाही. पदर फाडून तिने म्हाताऱ्याचं मनगट करकचून बांधलं.

"मार," ती म्हणाली. "पण आधी भाकर मोडू दे. छपराखाली थोरला असेल त्याने मोडायची. आज थोरला हाच. मोडा चेट्टा, मोडा दादा."

"तिच्यावर रक्त आहे अम्मा!"

"सकाळी देवळात प्रभूच्या भाकरीसाठी जीभ पुढे केलीस, तेव्हा कुणाचं रक्त घेतलंस? दूध तू सांडलंस. आता यातच खायची."

पोत्तनने चांगल्या हाताने भाकर उचलली. वाकली, मोडेना. पुन्हा दाबली. बोटं रक्ताने निसटत होती.

"एका हाताने होत नाही गं, अच्चाम्मा," तो लाजून म्हणाला.

कोयता अजून त्याच्या मानेवरच होता. इट्टीच्या घशातून जनावरासारखा आवाज निघाला. पातं दगडावर खणखणलं. तो खाली बसला आणि भाकरीची दुसरी कड त्याने अशी हिसडली की ती मधोमध फाटली.

वयाच्या क्रमाने तुकडे झाले. पोत्तन. अच्चाम्मा. इट्टी. कोराचा चौथा, पानावरच राहिला.

म्हाताऱ्याची मान कलंडली. इट्टीने त्याला पाठीवर घेतलं नि दवाखान्याच्या वाटेने धावत सुटला. कोमट रक्त पाठीवरून कमरेपर्यंत ओघळत होतं. तोंडातला घास त्याने अजून गिळला नव्हता. थुंकलाही नव्हता.