चावी नाही

मेकॅनिक रंजिताने स्टिअरिंगखाली हात घालून बिघाड शोधायच्या यंत्राची वायर जोडली आणि हरेशला चावी फिरवायला सांगितलं. डॅशबोर्डवरचे दिवे लागले, इंजिन मात्र ढिम्म.

तुर्भ्याच्या त्या गॅरेजात गाडीच्या एका बाजूला हरेशची आई विमलबाई उभी होती आणि जरा लांब, खाली मान घालून, त्यांचा ड्रायव्हर सिताराम. न्हावा शेवाच्या बंदरात उतरलेली ही परदेशी गाडी एकाच चावीसह आली होती. काल ती चालूच होईना. पहिल्या गॅरेजवाल्याने यंत्र लावून सांगितलं, गाडी चावी ओळखत नाही. हरेशला तेवढं पुरलं. सितारामनेच चावी बदलली असं ठरवून तो आईला घेऊन तडक दिघ्याला गेला आणि सगळ्या चाळीदेखत त्याने सितारामच्या घरातले डबे उपडे केले. आज या यंत्राने दुजोरा दिला की पोलीस चौकी, असं त्याने कमरेचा पेजर चाचपत दोनदा बजावलं होतं.

"चावीच्या मुठीत तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते," रंजिता म्हणाली. "ती गाडीला आपली ओळख सांगते. ती पटली तरच इंजिन चालू होतं."

"न शिवता सांगते?" विमलबाईने विचारलं.

"हो. मधे तारसुद्धा नसते."

विमलबाईने देवळात शिरल्यासारखा पदर डोक्यावर घेतला.

यंत्राच्या पडद्यावर अक्षरं उमटली.

"काय म्हनतं? खोटी चावी, ना?" हरेशने खिडकीतून मान बाहेर काढली.

हरेशची चावी काढून रंजिताने शेजारच्या गाडीची चावी तिथे धरली. पडद्यावरचा मजकूर बदलला.

"हे बघा. परकी चावी असली की यंत्र 'चुकीची चावी' म्हणतं. तुमच्या चावीला ते 'चावी नाही' म्हणत होतं. ती बदललेली नाही. ती बोलतच नाहीये."

मग तिने हरेशची चावी उजेडात धरली. मूठ चांदीच्या पत्र्याने पुरती मढवली होती, वर नाजूक नक्षी.

"हे कधी केलंत?"

"परवाच सोनाराकडून आनली," विमलबाई म्हणाली. "गारीला दिष्ट लागाला नको म्हनून."

"चांदीमुळेच चिप गप्प झालीय, मावशी."

रंजिताने पत्रा अलगद उचकटला. या वेळी चावी फिरताच इंजिन सुरू झालं. विमलबाई बॉनेटपाशी आली. मुठीत दडलेल्या दाण्याएवढ्या जिनसेने खरं काय ते सांगितलं होतं. पोटचा मुलगा एका गरिबाला चोर म्हणत असताना ती स्वतः मात्र दारात उभी राहून नुसती बघत होती. तिने बॉनेटला हात लावून तो कपाळाला लावला.

"जाऊ दे रे, झालं गेलं," हरेश गाडीतून उतरत म्हणाला. "चल, घे गाडी."

सिताराम पुढे आला. त्याने मागचं दार उघडलं आणि आत बसला.

"तुमीच चालवा, साहेब. मला दिघ्यात सोडा. काल ज्यांच्या देखत चोर म्हनलात, त्यांच्या देखत सांगा."

हरेशने आईकडे पाहिलं. ती गाडीला वळसा घालून सितारामशेजारी जाऊन बसली होती.