टाचांचं मलम

माझ्या सासऱ्यांना मधमाशा ओळखतात, त्यामुळे चावत नाहीत, असं ते सगळ्यांना सांगतात. चावतात. गच्चीवरून खाली येताना त्यांचा एक हात पाठीमागे असला की समजायचं, आज बोट सुजलंय. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, काही न विचारता बर्फ काढून ठेवतात आणि म्हणतात, "आज कोण भेटलं ओळखीचं?"

बाबांनी पस्तीस वर्षं औषधांच्या दुकानात कंपाउंडर म्हणून काढली. निवृत्त झाल्यावर गच्चीवर मधमाश्यांच्या दोन पेट्या आल्या आणि आमच्या घराचा दवाखाना झाला. खोकल्याला कोमट पाण्यातून मध, हे आम्हा सगळ्यांनाच मानवलं. परागकण अशक्तपणाला चांगले म्हणून आईंनी चमचाभर खाल्ले आणि दुपारभर शिंकत बसल्या. बाबांनी वहीत लिहिलं, 'हिला नाही.' पेटीच्या फटी बुजवायला माशा झाडांचा चीक आणून तपकिरी डिंक करतात. तो हिरड्यांसाठी माझ्या नवऱ्यावर वापरून पाहिला. त्याची जीभ दोन दिवस तपकिरी आणि हिरड्यांचं दुखणं जिथल्या तिथे. तेही वहीत गेलं. मला बाबांचं हेच आवडतं. फसलेलं ते जमलेल्याइतक्याच ठसठशीत अक्षरात लिहितात.

आणि कुणालाही काहीही देण्याआधी त्यांचे तीन प्रश्न ठरलेले. कोणाला, कुठे, किती दिवस झाले? खालच्या मजल्यावरचा बेकरीवाला बोट भाजून ओरडत आला तरी आधी तीन उत्तरं द्यायची, मग मलम.

माझ्या वेळी मात्र ते विचारायचे राहिले.

लेक तेव्हा पाच आठवड्यांची होती. अंगाने गोल म्हणून आम्ही तिला ढबू म्हणतो. पाजून पाजून मला दोन्हीकडे चिरा पडल्या होत्या. ती तोंड लावायची तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकायचे, कधी रक्तही यायचं. तिची पहिली कुरकुर ऐकली की मी उगाच दुपट्यांच्या घड्या घालत वेळ काढायचे, आणि आपल्याच लेकीच्या भुकेची आपल्याला भीती वाटते म्हणून वर रडू यायचं. उद्यापासून बाटली, असं दोनदा ठरवून झालं होतं. बाटलीत वाईट काही नाही, माझ्या बहिणीची दोन्ही मुलं बाटलीवरच धष्टपुष्ट झाली. पण मला पाजायचं होतं. ते एवढंसं तोंड, छातीवर ठेवलेली ती मूठ, मला सोडवत नव्हतं.

आईंनी मला रडताना पाहिलं. "थांब, यांच्याकडून मलम करून घेते."

"अहो आई, पण बाबांना काय सांगणार?"

"ते माझ्यावर सोड."

मी दाराआडून ऐकत होते. आई म्हणाल्या, "अहो, सूनबाईंच्या टाचा फुटल्यात. मेणाचं मलम करा."

तेवढ्यात मला पाण्यासाठी बाहेर यावंच लागलं. पाय अनवाणी. बाबांनी चष्मा खाली ओढून माझ्या टाचांकडे पाहिलं. "टाचा तर बऱ्या दिसतायत."

"आतून फुटल्यात," आई म्हणाल्या.

बाबांनी पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं, माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, तोंड मिटलं आणि मेणाची वडी घेऊन ओट्याकडे वळले.

दुसऱ्या दिवशी मलम तयार. मोठ्या पातेल्यात उकळतं पाणी, त्यात छोटं भांडं, भांड्यात मेण आणि तेल. निवत आल्यावर त्यांनी आणखी काय काय घोटलं ते मी पाहिलं नाही, मी ढबूला घेऊन आत फेऱ्या मारत होते. सात डब्या भरल्या. घरभर गोड वास. बाबा डब्या पुसत होते ते एखाद्या तान्ह्या बाळाला पुसावं तसं. त्यांचा पहिलाच मोठा घाणा होता तो, आणि आईंनी दुपारच्या आतच चार डब्या इमारतीत वाटूनही टाकल्या.

मी डबी घेऊन खोलीत गेले. ढबू भुकेने लालबुंद झाली होती. आधी थोडं लावू, गारवा मिळेल, मग पाजू, असा विचार करून मी बोटावर मलम घेतलं. एवढा गोड वास नुसत्या मेणाला येईल? जिभेला लावून पाहिलं. गोड.

मी डबीचं झाकण घट्ट लावलं. बाळंतपणानंतर पहिल्याच भेटीत दवाखान्यातल्या नर्सताईंनी बजावलं होतं, वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाच्या तोंडात मध जाता कामा नये, थेंबभरही नाही. एखाद्या मधात असे जंतू असतात की मोठ्यांना काही होत नाही, पण तान्ह्याच्या जिवावर बेततं. आणि मी तेच मलम जिथे ती तोंड लावणार तिथे लावायला निघाले होते.

हात साबणाने धुतले, खळखळून चूळही भरली. दात आवळून ढबूला तसंच पाजलं. पाजता पाजता दुसरी गोष्ट लक्षात आली. आईंनी वाटलेल्या चार डब्यांतली एक तिसऱ्या मजल्यावर शिंपीणबाईंकडे गेली होती. त्यांचं बाळ वीस दिवसांचं.

ढेकर काढायचीही वाट न बघता मी तिला खांद्यावर टाकून बाहेर आले. "बाबा, मलमात मध आहे?"

"आहे ना! डबीमागे अर्धा चमचा. टाचा मऊ होतात." त्यांचा चेहरा फुलला होता.

"बाबा, टाचा नाही फुटलेल्या." आई मागून खुणा करत होत्या, मी न पाहिल्यासारखं केलं. "ढबूला पाजते तिथे चिरा पडल्यात. छातीला. पंधरा दिवस झाले."

तीनही उत्तरं एका दमात दिली, आणि माझे कान तापले. ढबूने नेमकी तेव्हाच ढेकर दिली.

बाबा खाली बसले. "तिला लावलंस?"

"नाही. चाखून पाहिलं आधी."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "वर्षाच्या आतल्या बाळाला मध नाही, हे मी काउंटरवर उभं राहून किती आयांना सांगितलं असेल. मला शंका आली होती, पोरी. टाचांमुळे कुणी असं रडत नाही. पण विचारायला लाजलो." आणि आईंकडे वळून, "आणखी कुणा बाळंतिणीला दिलंस?"

"शिंपीणबाईंना," आईंचा आवाज पार खाली गेला होता. "तिलाही तोच त्रास आहे. तिलाही टाचांचं म्हणूनच..."

बाबांनी चप्पलही घातली नाही. गुडघे धरून एरवी एक मजला चढायला त्यांना दोन थांबे लागतात, ते दोन मजले एकही थांबा न घेता चढले. मागे ढबूला घेऊन मी, माझ्यामागे आई.

शिंपीणबाईंनी दार उघडलं. गळ्यात माप घ्यायची पट्टी, खांद्यावर झोपलेलं बाळ. बाबा धापा टाकत म्हणाले, "डबी. डबी कुठे लावलीत?"

"टाचांना," त्या गोंधळून म्हणाल्या. "काकूंनी टाचांना सांगितलं, टाचांना लावली. काय मऊ झाल्यात, काका! बघा." आणि त्यांनी खरंच पाय पुढे केला.

मला हसू आवरेना, आईंनी कपाळाला हात लावला. बाबा मात्र हसले नाहीत. जिन्यात दोन दारं उघडी होती, लोक डोकावत होते, आणि माझे सासरे, जे आईंचा परकर दोरीवर वाळत घालायलाही लाजतात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "टाचांनाच लावा. बाळाला पाजताना स्तनांना चिरा पडतात, त्यावर हे लावायचं नाही. यात मध आहे, तान्ह्याला तो धोक्याचा. हात धुतल्याशिवाय बाळाच्या तोंडाजवळही नेऊ नका. माझी चूक झाली. मी विचारलं नाही."

शिंपीणबाईंचे डोळे भरले. "मला आहेत तसल्या चिरा," त्या हळूच म्हणाल्या. "पण सांगू कुणाला? मशीनवर बसूनही नुसती कळ येते."

"सांगितलंत ना आता," बाबा म्हणाले. "किती दिवस झाले?"

तिथे उभी असताना माझ्या मनात जे आलं ते मी नवऱ्यालाही नीट सांगू शकले नाही. हा माणूस माझ्या लेकीचा आजोबा आहे, एवढंच पुन्हा पुन्हा येत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी आपापली बाळं घेऊन नर्सताईंकडे गेलो. त्यांनी चिरा पाहिल्या, मलमाचं ऐकलं आणि म्हणाल्या, "मलमाने गारवा मिळेल, पण चिरा पडतात त्या बाळाने नुसतं टोक धरल्यामुळे. तोंड मोठं उघडू दे, काळा भाग जास्तीत जास्त आत जाऊ दे." ढबूला त्यांनी माझ्या अंगाशी आडवी वळवली, तिची हनुवटी टेकवली. चावा नाही, नुसती ओढ. मी पायाची बोटं आवळायला तयार होते, ती तशीच राहिली.

घरी येऊन बाबांना हे सांगायला मी कचरत होते. त्यांच्या मलमाचं महत्त्वच कमी होत होतं. त्यांनी ऐकून घेतलं, वही काढली आणि लिहिलं, 'चिरा: मुख्य उपाय मलम नव्हे.' मग नवीन भांडं घासून घेतलं. त्यात फक्त मेण आणि खायचं तेल, मध नाही, डिंक नाही, वासही नाही. दोनच डब्या. थंड झाल्यावर त्यांनी चिठ्ठ्या चिकटवल्या आणि एक मला दिली.

चिठ्ठीवर ठसठशीत अक्षरात होतं: 'स्तनांच्या चिरांसाठी. आधी बाळाचं तोंड नीट लावा, मग हे. पाजण्यापूर्वी पुसून घ्या. मध नाही.'

"दुसरी तू वर नेऊन दे," बाबा म्हणाले.

"नको," आई म्हणाल्या. त्यांनी डबी बाबांच्या हातून घेतली, चिठ्ठीवरचा पहिला शब्द एकदा मोठ्याने वाचून पाहिला, लाजल्या, पुन्हा एकदा जास्त मोठ्याने वाचला, आणि पदर खोचून जिना चढू लागल्या.