युद्ध मागे घेतलं का?

"कसायाला गाय धार्जिणी म्हणतात ना, ती गाय तू आहेस, दादा."

"आणि तू कोण? स्वतःचं नाव पुकारलं नाही म्हणून जळणारा."

सोतासने हातातलं लाकडी फावडं भिंतीवर भिरकावलं. भिंतीचा पोपडा पडला. फिन्तास हलला नाही. तो उंबऱ्यावर बसून पाय धूत होता, आणि त्यांची आई मिरो त्याच्या डोक्याच्या मापाने हिरव्या डहाळ्यांची माळ वळत होती. तिला हुरूप आला होता. चार वेळा उसवून पाचव्यांदा वळायला घेतलेली.

आठ दिवसांपूर्वी स्पार्टाच्या पाच कारभाऱ्यांनी दवंडी पिटली होती. ज्या हेलॉटांना वाटतं की आपण युद्धात स्पार्टाची सगळ्यात जास्त सेवा केली, त्यांनी पुढे यावं. पारखून, निवडून त्यांना मोकळं करू. हेलॉट म्हणजे हीच सगळी माणसं. नदीकाठची जमीन कसायची, अर्धं पीक मालकाच्या दारात नेऊन ओतायचं, आणि मालकाने सांगितलं तर त्याच्या मागे त्याची ढाल उचलून चालायचं. आज्याच्या आज्यापासून हेच. निवडले गेले दोन हजार. फिन्तास त्यातला एक. आज त्यांनी डोक्याला माळ बांधून देवळांना फेरी घालायची होती.

त्याचा हक्क होताच म्हणा. गेल्या साली अथेन्सच्या गलबतांनी स्पार्टाच्या लोकांना बेटावर कोंडलं होतं, तेव्हा फिन्तास पाण्याखालून पोहत जायचा. मागे दोरीला कातडी पिशवी, पिशवीत मधात मळलेली खसखस. अकरा खेपा केल्या. बरोबरचे दोघं वर आलेच नाहीत.

"मी जगवलंय त्यांना," फिन्तास म्हणाला.

"आणि मग त्यांनी ढाली खाली टाकून हात वर केले. तेही तूच बघितलंस. स्पार्टाचा माणूस शरण जातो हे ज्याने डोळ्यांनी पाहिलं, त्याला हे मोकळा सोडणार? गावोगाव सांगत फिरायला?"

"सोता, तोंड आवर," आई म्हणाली.

"आवरतो. तुम्ही चला माझ्याबरोबर. डोंगर ओलांडला की दोन दिवसांत किल्ला. अथेन्सवाल्यांनी तिथे आपलीच माणसं ठेवलीयत, आपलीच बोली बोलतात. वर बकऱ्या नेल्या होत्या तेव्हा भेटला होता एक. अथेन्सात राहून आलेला. तिथे कुंभारसुद्धा सभेत उभा राहून बोलतो म्हणे. पदं चिठ्ठ्या टाकून वाटतात. काही ठरवायचं तर हात मोजतात. आणि इथे? मालक लोकांनी मैदानात जमायचं आणि बोंबलायचं, ज्याच्या बाजूने आवाज मोठा तो जिंकला. बकऱ्या हाकताना आपण याहून जास्त डोकं लावतो."

"कुंभार बोलतो. चांदीच्या खाणीत उतरवलेला माणूस बोलतो का तिथे?" फिन्तासने पाय पुसले. "एका अख्ख्या शहरातले पुरुष कापायचे, हे हात मोजूनच ठरवलं होतं त्यांनी."

"दुसऱ्या दिवशी परत मोजले आणि बदललं."

"मग?"

"बदललं, दादा. इथे कधी कुणी काही बदललंय?"

"आगीतून फुफाट्यात."

"दगडापेक्षा वीट मऊ."

"दोघं मिळून या म्हातारीला म्हणींनीच मारा," आई म्हणाली, आणि माळ फिन्तासच्या डोक्यावर ठेवून बघितली. बसली. तिचे डोळे भरले.

फिन्तास उठला. आत त्याची बायको नाइस पाय पसरून बसली होती, सातवा महिना. तिच्याकडे बघत तो सोतासला हळू आवाजात म्हणाला, "ते पोर माझं म्हणून जन्मेल रे. थिब्रोन मालकाचं म्हणून नाही. एवढंच पाहिजे मला."

फिन्तास गेला.

सोतास अंगणात येरझाऱ्या घालत राहिला. डोकं तापलेलं. आणि एकदम थांबला.

युद्ध.

दर शरदात नवे पाच कारभारी बसले की पहिलं काम हेच करतात. हेलॉटांविरुद्ध युद्ध पुकारतात. आपल्याच शेतावर राबणाऱ्यांविरुद्ध. पुकारलं म्हणजे वर्षभर कुणीही कुठल्याही हेलॉटाला मारलं तरी पाप लागत नाही, देव कोपत नाहीत. स्पार्टाची तरणी पोरं सुरे घेऊन रात्री वाटांवर हेलॉट टिपत फिरतात, ती याच जोरावर. हेलॉट त्यावर हसतात. "युद्ध सुरू झालं रे, धर नांगर," असं म्हणत कामाला जातात. इतकी सवय झालेली. याही वर्षी पुकारलं होतं, वीस दिवस झाले. मग या दोन हजारांना मोकळं करायचं, तर त्यांच्यापुरतं ते मागे घेतलं का?

तो धावत थिब्रोन मालकाकडे गेला. म्हातारा ऑलिव्हच्या झाडाखाली एकटा बसला होता. त्याचा मुलगा बेटावर होता. फिन्तासने नेलेली खसखस खाऊनच जगला, आणि आता अथेन्सात कैदेत होता.

"मालक, एक विचारू?"

"विचार."

"माळवाल्यांना जमीन कुठली मिळणार?"

"ठरलं नाही."

"शपथ कोण घेणार त्यांची? मोकळ्या पुरुषांच्या जेवणाच्या कुठल्या पंगतीत बसणार ते?"

"ठरलं नाही."

या गावात केस किती वाढवायचे, मिशी ठेवायची की नाही, नवरा बायकोकडे कसा जाईल, सगळं ठरलेलं असतं. आणि दोन हजार माणसांचं उद्याचं काहीच ठरलेलं नाही?

"युद्ध मागे घेतलं का, मालक?"

"नाही."

"म्हणजे त्यांना मारलं तर पाप नाही."

"नाही."

थिब्रोन काठीने जमीन उकरत राहिला. मग तिकडेच बघत म्हणाला, "डोंगराच्या वाटेवर आज पहारा नाही. सुऱ्यावाली पोरं सगळी देवळांपाशी आहेत."

सोतास नदीकाठाने सुसाट सुटला. तिसऱ्या देवळापाशी रांग गाठली. माणसं गात होती. कडेला सुऱ्यावाली पोरं उभी होती, हात मोकळे सोडून. त्यांची नजर माळांवर नव्हती. ती चेहरे बघत होती, एकेक करून, बाजारात जनावर बघतात तशी.

"पळा रे," सोतास रांगेतल्या स्किरासचा, शेजारच्या शेतावरच्या गड्याचा, दंड धरून म्हणाला. "युद्ध मागे घेतलेलं नाही. तुम्हाला मारणार आहेत."

स्किरास हसला. "अरे, पुढच्या वर्षी तुलाही घेतील. इतका का रडतोस?" मागचे दोघंतिघंही हसले. एकाने गाण्याचा सूर चढवला.

सोतासने भावाला गाठलं आणि सगळं सांगितलं. युद्धाचं, पंगतीचं, डोंगराच्या वाटेचं. फिन्तास ऐकत गेला, तसा त्याचा रंग उतरत गेला.

"चल ना," सोतास म्हणाला. "आत्ता. नदीत उतरू. तुझ्याएवढं पाण्याखालून कोण जातंय?"

"प्रत्येक देवळापाशी मोजतात."

"मोजू दे."

"पारखताना सगळं विचारलं होतं, सोता. घरात कोण कोण, बायको कितव्या महिन्याची, भाऊ किती. मी हौसेने सांगितलं." त्याने तोंडावरून हात फिरवला. "एक जरी कमी भरला तर आधी घरी जातील. तुम्ही डोंगराच्या पायथ्याशीसुद्धा पोचणार नाही."

"मग मी जात नाही."

"थोबाड फोडीन. नाइसला चालवेल तेवढं चालव, नाहीतर पाठीवर घे. आई रडेल, ओढत ने. तुझ्या त्या कुंभारांच्या गावात नाहीतर किल्ल्यात, कुठेही. खाणीत मात्र जाऊ देऊ नकोस पोराला."

"किती देवळं राहिली?"

"चार. मी लंगडत चालतो, तेवढाच तुम्हाला वेळ. मागचे शिव्या घालतील, घालू देत." पुढची माणसं हलली. एक सुऱ्यावाला पोरगा यांच्याकडेच बघत होता. फिन्तासने त्याच्याकडे पाहून हसरा चेहरा केला आणि ओठ न हलवता म्हणाला, "हात सोड, सोता. मला आता निघायला हवं."